रग्बीचे बदललेले नियम: नवा सीझन सुरू व्हायच्या आधी एकदा नीट समजून घ्या

रग्बी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर सीझनच्या पहिल्याच शनिवारी एक वाद ठरलेला असतो. कुणीतरी विचारतं, अरे हे तर परवापर्यंत चालत होतं ना, मग शिट्टी का मारली, आणि पाच मिनिटांत रेफरीच्या नावाने शंख सुरू. बहुतेक वेळा रेफरीचं काही चुकलेलं नसतं, नियम बदललेला असतो आणि तो आपल्यापर्यंत पोचलेला नसतो. डब्लिनहून हा खेळ चालवणारी वर्ल्ड रग्बी ही संस्था, तिने २०२४ च्या जुलैपासून इतक्या गोष्टी हलवल्यात की २०२३ चा वर्ल्ड कप बघून जो मधे थांबला आणि आता परत टीव्हीसमोर बसतोय त्याला निम्मी मॅच डोक्यावरून जाईल.

म्हणून हे लिहितोय. कलमांचे नंबर देत बसत नाही, ते पाठ करून मॅच कळत नाही. बदललेला नियम चालू मॅचमध्ये नजरेला कसा पकडायचा आणि तुम्ही स्वतः खेळत असाल तर तो अंगात कसा मुरवायचा, तेवढंच सांगतो. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे: यातले बरेचसे बदल बॉल हातात असलेल्याबद्दल नाहीयेत, बॉल ज्यांच्याकडे नाही त्यांनी कुठे उभं राहायचं, कधी हलायचं, कधी बाजूला व्हायचं याबद्दल आहेत. कॅमेरा बॉलच्या मागे पळतो आणि आपले डोळे कॅमेऱ्याच्या मागे, त्यामुळे गुन्हा घडतो तेव्हा आपण भलतीकडेच बघत असतो.

पहिलं काम, मॅच कुठल्या लेव्हलची आहे ते बघा

सगळे नियम सगळ्यांना लागू नसतात आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. सिक्स नेशन्स (युरोपातल्या सहा देशांची स्पर्धा) किंवा नोव्हेंबरच्या टेस्ट मॅचेस, म्हणजे देशादेशांमधल्या मॅचेस बघताना तुम्हाला टीएमओ (व्हिडिओ बघून रेफरीला मदत करणारा अधिकारी), बंकर (कार्डाचा निकाल व्हिडिओवरून लावणारी खोली), स्क्रीनवरचं घड्याळ, २० मिनिटांचं लाल कार्ड हे सगळं दिसेल. तुमच्या क्लबच्या रविवारच्या मॅचला यातलं काहीही नसणार. तिथे एक रेफरी, नशीब चांगलं असेल तर दोन टच जज (बाजूच्या रेषेवरचे पंच), आणि लाल कार्ड म्हणजे थेट बाहेर, बदली खेळाडू नाही. १९ वर्षांखालच्या मुलांच्या मॅचमध्ये स्क्रम (दोन्ही टीमचे आठ-आठ जण वाकून भिडतात आणि बॉलसाठी ढकलतात तो) दीड मीटरच्या पुढे ढकलता येत नाही, हे टीव्ही बघून आलेल्या मुलांना माहीतच नसतं आणि स्क्रम जिंकल्याच्या आनंदात ढकलत सुटतात आणि मग बसतो फटका.

टॅकलच्या, म्हणजे बॉलवाल्याला धरून पाडण्याच्या उंचीचं तर फारच जपून बघायला पाहिजे. टेस्ट मॅचमध्ये मर्यादा खांद्याच्या रेषेची आहे. पण फ्रान्समध्ये क्लब लेव्हलला २०१९ पासून कमरेच्या वर टॅकल चालत नाही आणि इंग्लंडमध्ये २०२३ च्या सीझनपासून छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक ही क्लब रग्बीची मर्यादा आहे, म्हणजे पोटापर्यंतच. हीच दिशा आता बऱ्याच देशांनी क्लब रग्बीसाठी घेतलीये. तेव्हा सीझनच्या आधी तुमच्या स्पर्धेच्या आयोजकांना दोन प्रश्न स्पष्ट विचारा, टॅकलची उंची कितीपर्यंत आणि लाल कार्डाचं काय. उत्तर लेखी मिळालं तर उत्तम.

आपल्याकडच्या बऱ्याच लोकांनी रग्बी पहिल्यांदा धड बघितलं ते जून २०२५ मध्ये, अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली तेव्हा. ते सेव्हन्स होतं, म्हणजे सात-सात जणांचं रग्बी. सेव्हन्सची गणितं वेगळी असतात, स्क्रममध्ये तीन-तीनच जण, कन्व्हर्जन (समोरच्यांच्या गोल लाइनपलीकडे बॉल टेकवला की ट्राय, आणि त्यावर मिळणारी जादा किक) ड्रॉप किकने, म्हणजे बॉलचा टप्पा पडताच मारून, पिवळ्या कार्डाला दोनच मिनिटं बाहेर. खाली जे लिहितोय ते पंधरा जणांच्या रग्बीबद्दल आहे, दोन्ही एकत्र करू नका.

किक झाली की बॉल सोडा, किकरच्या पुढे कोण उभं आहे ते बघा

हा माझ्या मते सगळ्यात मोठा बदल, १ जुलै २०२४ पासूनचा, आणि सगळ्यात कमी लोकांना कळलेला, म्हणून इथे जरा वेळ घेतो.

आधी काय व्हायचं ते बघा. फेब्रुवारी २०२४, एडिनबराचं मरेफील्ड, स्कॉटलंड विरुद्ध फ्रान्स. इकडचा खेळाडू लांब किक मारतोय, तिकडचा पकडतोय, तोही परत लांब मारतोय, बॉल डोक्यावरून इकडून तिकडे, आणि मैदानाच्या मधोमध दोन्ही टीमचे धिप्पाड फॉरवर्ड्स (स्क्रमला भिडणारे आठ) जागेवर उभे राहून आकाशाकडे बघतायत. मिनिटभर काही घडतच नाही. हजारो लोक तिकीट काढून आलेत आणि समोर हे.

हे आळसामुळे होत नव्हतं, नियमातल्या फटीमुळे होत होतं. आपल्या टीमच्या माणसाने किक मारली तेव्हा जे त्याच्या पुढे आहेत ते ऑफसाइड, म्हणजे त्यांना खेळात भाग घेता येत नाही. पण जुन्या नियमात अशी सोय होती की बॉल पकडणारा पाच मीटर पळाला किंवा त्याने पास दिला की हे ऑफसाइड लोक आपोआप ऑनसाइड व्हायचे. मग मागे कशाला यायचं? जिथे आहात तिथेच भिंत करून उभे राहा, पकडणारा पाच मीटर पळाला की घाला झडप. पकडणाऱ्यालाही हे माहीत, त्यामुळे तो पळायचाच नाही, परत किक. फ्रान्सचा स्क्रम-हाफ (नऊ नंबरचा, स्क्रमच्या मागून बॉल काढून देणारा) आंत्वान द्युपाँ ही फट इतकी हुशारीने वापरायचा की लोकांनी तिला त्याचंच नाव देऊन टाकलं, द्युपाँ लॉ.

आता ती सोय गेली. पकडणाऱ्याने पास दिला किंवा तो पळाला म्हणून तुम्ही ऑनसाइड होत नाही. ऑनसाइड व्हायचे रस्ते असे: तुम्ही स्वतः मागे येऊन किकरच्या किंवा ऑनसाइड असलेल्या साथीदाराच्या मागे जा, नाहीतर किकर किंवा किकच्या वेळी त्याच्या मागे असलेला कुणीतरी पळत येऊन तुम्हाला ओलांडून पुढे जाऊ दे, नाहीतर समोरच्याने परत किक मारू दे. आणि तोपर्यंत नुसतं उभं राहणं चालणार नाही, मागे यायचा प्रयत्न दिसला पाहिजे. बॉल जिथे पडतोय किंवा पकडला जातोय त्याच्या दहा मीटरच्या आत असाल तर लगेच निघायचं, तिथे समोरच्याने काहीही केलं तरी त्याने तुमची सुटका होत नाही.

मॅच बघताना हे पकडायची पद्धत सांगतो. किकरच्या पायाला बॉल लागला त्या क्षणी त्याच्या खांद्यातून मैदानभर एक आडवी रेष मनात ओढा. रेषेच्या पुढे त्याच्या टीमचे किती जण आहेत ते पटकन बघा, मोजायची गरज नाही, घोळका कुठे आहे तेवढं कळलं तरी पुरे. मग बॉल हवेत असताना त्या घोळक्याचे पाय बघा. टाचा मागे पडतायत का? का एकजण कमरेवर हात ठेवून उभा आहे? का एखादा पठ्ठ्या हळूच दोन पावलं पुढे सरकतोय? आणि मग रेषेच्या मागून कोण पळत सुटलंय ते बघा, बहुतेक वेळा विंगर (कडेला खेळणारा वेगवान खेळाडू) आणि किकर स्वतः, कारण घोळक्याला मोकळं करायचं काम आता त्यांचंच आहे. शिट्टी वाजली तर ती का वाजली ते तुम्हाला कॉमेंटेटरच्या आधी कळेल. मी तर म्हणतो की सीझनची पहिली मॅच फक्त ह्या एका गोष्टीसाठी बघा, बाकी सगळं दुसऱ्या मॅचपासून.

खेळणाऱ्यांसाठी ड्रिल सोपं आहे. सात जण घ्या. एक किकर, दोन जण त्याच्या मागे बाजूला, तीन जण त्याच्या पुढे दहा-पंधरा पावलांवर. समोर लांब एक पकडणारा. किक झाली की पुढचे तिघं तोंड बॉलकडेच ठेवून उलट्या पावलांनी मागे यायला लागतात, पाठ फिरवून पळायचं नाही कारण मग पकडणारा काय करतोय ते दिसत नाही. किकर पळत सुटतो आणि प्रत्येकाला ओलांडताना मोठ्याने ‘आलो’ म्हणतो. ‘आलो’ ऐकल्यावरच त्या माणसाने पुढे वळायचं, त्याआधी नाही. पहिल्या दिवशी सगळे घाईच करतात. आवाज ऐकायची सवय लागली की हा नियम डोक्यात ठेवावाच लागत नाही. मुंबईत रग्बी हा पावसाळ्यातला खेळ, ओल्या मैदानावर उलट्या पावलांनी येताना पाय घसरतो, म्हणून पावलं छोटी आणि पाय जमिनीलगत ठेवायला शिकवा.

बॉल हवेत असताना पकडणाऱ्याभोवतीची भिंत

ह्याच्याच जोडीची दुसरी गोष्ट. नियमाची भाषा इथे बदललेली नाही, नोव्हेंबर २०२४ च्या टेस्ट मॅचेसपासून रेफरींनी तो कडक लावायला सुरुवात केली एवढंच. आधी उंच किक आली की पकडणाऱ्या टीमचे दोन-तीन जण मागे पळता पळता अगदी निरागस चेहऱ्याने त्याच्या पुढे कडं करायचे, म्हणजे समोरून पळत येणाऱ्याला बॉलपर्यंत पोचताच यायचं नाही. पळायची दिशा तर बदलली नाही ना, मग अडथळा कसला, असा तो युक्तिवाद. आता तो चालत नाही, येणाऱ्याला वाट द्यावी लागते, नाही दिली तर पेनल्टी.

ह्या एका गोष्टीने खेळ किती बदलला ते बघाच. हवेतल्या झुंजी वाढल्या, उंच उडी मारून पकडणारे विंगर महाग झाले, आणि बॉल निसटून नॉक-ऑनही (बॉल हातातून पुढे पडणं) जास्त व्हायला लागले. काहींना ते आवडत नाही, फार किक होतात म्हणतात. मला त्यांचं पटत नाही, दोन माणसं एका बॉलसाठी पूर्ण वेगाने झेपावतात यासारखं दृश्य ह्या खेळात फार थोडं आहे, फक्त एक अट, हवेतल्या माणसाला खालून धक्का लागता कामा नये.

फ्री किकवर आता स्क्रम मागता येत नाही

१५ ऑक्टोबर २०२३, स्टाद द फ्रान्स, वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, फ्रान्स विरुद्ध साउथ आफ्रिका. फ्रान्सची किक, साउथ आफ्रिकेचा फुलबॅक (सगळ्यात मागे खेळणारा) डॅमियन विलेम्स ती आपल्या २२ च्या, म्हणजे गोल लाइनपासून २२ मीटरवरच्या रेषेच्या आत पकडतो आणि ‘मार्क’ ओरडतो. मार्क म्हणजे तुम्हाला फ्री किक मिळते आणि शंभरातले नव्व्याण्णव खेळाडू बॉल लांब मारून मोकळे होतात. ह्याने चक्क हाताने खूण करून स्क्रम मागितला! आपल्याच गोल लाइनजवळ, स्वतःहून. म्हणजे आमचे आठ तुमच्या आठांपेक्षा भारी आहेत हे जाहीर सांगणं झालं. साउथ आफ्रिका ती मॅच २९-२८ ने, एका पॉइंटने जिंकली.

तो क्षण परत बघायला मिळणार नाही. १ जुलै २०२४ पासून फ्री किक मिळाली की एकतर टॅप करून (बॉलला पायाने हलकं टेकवून) पळा नाहीतर किक मारा, स्क्रम हा पर्याय काढून टाकलाय. कारण सरळ आहे, एका स्क्रममध्ये फ्री किक, त्यावर परत स्क्रम, त्यात परत गडबड, असं करत दोन-तीन मिनिटं सहज जायची. मला स्वतःला स्क्रम फार आवडतो आणि विलेम्सचा तो निर्णय आजही आठवतो, तरीही हा बदल बरोबर वाटतो, कारण खेळ चालू राहणं महत्त्वाचं.

ओळखायचं कसं? रेफरीचा हात बघा. कोपरात वाकलेला हात म्हणजे फ्री किक, सरळ ताठ हात म्हणजे पेनल्टी. पेनल्टीवर स्क्रम अजूनही मागता येतो, तो गेलेला नाही, हे लक्षात ठेवा नाहीतर पुन्हा ग्रुपवर वाद. वाकलेला हात दिसला की नऊ नंबरच्या खेळाडूकडे बघा, तो आता लगेच टॅप करून पळतो कारण थांबून काही मिळणारच नाहीये, आणि बचाव करणारी टीम दहा मीटर मागे जायच्या आत सापडते.

मार्कबद्दल अजून एक, १ जानेवारी २०२५ पासून किक-ऑफचा बॉलसुद्धा आपल्या २२ च्या आत पकडला तर मार्क मागता येतो, आधी येत नव्हता. त्यामुळे किक-ऑफ मारणाऱ्याला आता विचार करावा लागतो, फार खोल मारली तर समोरचा मार्क घेऊन निवांत लांब किक मारणार.

घड्याळाचं गणित

कबड्डीत रेडला ३० सेकंद असतात आणि ते सगळ्यांच्या रक्तात भिनलेलं असतं, रग्बीतही आता तसंच होत चाललंय. ट्राय झाल्यावर कन्व्हर्जनला आधी ९० सेकंद मिळायचे, १ जानेवारी २०२५ पासून ६०. पेनल्टी गोलला ६० आधीपासूनच होते, म्हणजे आता दोन्हीकडे सारखेच. वेळ संपली की किक रद्द. लाइनआउट (बॉल बाजूच्या रेषेबाहेर गेल्यावर दोन रांगांमध्ये थ्रो करतात तो) आणि स्क्रमसाठी रेफरीने जागा दाखवली की ३० सेकंदांत तयार व्हायचं, नाही झालात तर समोरच्याला फ्री किक, आणि ती फ्री किक कशी महागात पडते ते वर सांगितलंच.

६० सेकंद ऐकायला बरे वाटतात. पण ट्राय कॉर्नरला झाला असेल तर किकरला तिथपर्यंत चालत जायचंय, टी (बॉल ठेवायचा छोटा स्टँड) मागवायचीय, बॉल लावायचाय, पावलं मोजायचीत, श्वास खाली आणायचाय. आणि ट्राय त्यानेच मारला असेल तर आधी मिठ्या. आता मिठ्या आवरत्या घ्याव्या लागतात. शिवाय किकरने पळायला सुरुवात केली की समोरची टीम गोल लाइनवरून धावत येऊन किक अडवू शकते, हे जुनंच आहे पण विसरू नका: वरच्याच फ्रान्स-साउथ आफ्रिका मॅचमध्ये चेस्लिन कोल्बेने तोमा रामोसचं कन्व्हर्जन असंच धावत जाऊन अडवलं होतं. दोन पॉइंट गेले आणि मॅच एका पॉइंटने गेली. आता वेळ कमी, म्हणजे घाई जास्त, म्हणजे अशा चुकांची शक्यताही जास्त.

सरावासाठी मोबाइलचा स्टॉपवॉच लावा आणि किकरला आधी ४०० मीटर पळवा, मग लगेच ६० सेकंदांत किक मारायला लावा. ताजातवाना असताना मारलेल्या किकवरून काही कळत नाही.

रक, मॉल, लाइनआउट

इथे भराभर जातो, एक सोडून.

तो एक म्हणजे क्रोक रोल. रकमध्ये (टॅकलनंतर जमिनीवरच्या बॉलवर दोन्ही टीमचे खेळाडू भिडतात तिथे) बॉलवर वाकून बसलेल्या माणसाला हलवायला त्याच्या अंगाभोवती हात घालून, मगर भक्ष्याला फिरवते तसा त्याला गोल फिरवून आडवा पाडायचे. त्यात पाडणाऱ्याचं सगळं वजन त्या माणसाच्या पायावर येतं आणि पाय जमिनीत रुतलेला असतो, म्हणजे गुडघा किंवा घोटा गेलाच. १ जुलै २०२४ पासून हे बंद, पेनल्टी, आणि जास्त धोकादायक असेल तर कार्ड. हा बदल सगळ्यात आधी मुलांना शिकवा, बाकीचे राहिले तरी चालतील. मुलं टीव्हीवरचे जुने हायलाइट्स बघतात, त्यात हे दणकून दिसतं, आणि मैदानावर येऊन तसंच करतात. गुडघ्याच्या लिगामेंटला बरं व्हायला सीझन जातो. कधी कधी तो मुलगा परत येतच नाही.

त्याऐवजी काय करायचं तेही शिकवा, नुसतं नको म्हणून भागत नाही. सरळ समोरून यायचं, त्याच्यापेक्षा खाली वाकायचं, खांदा त्याच्या छातीखाली घालायचा आणि पाय चालवत त्याला मागे ढकलत न्यायचं, बाजूला वळवायचं नाही. उशिरा पोचलात आणि तो पक्का बसलाय तर सोडून द्या, बॉल गेला तर गेला.

बाकीचं असं. मॉल (बॉल हातात धरलेल्या खेळाडूभोवती उभ्यानेच भिडलेला घोळका) एकदा थांबला की बॉल काढायचाच, आधी परत एकदा चालू करायची संधी मिळायची ती गेली, रेफरी ‘यूज इट’ म्हणाला की समजा. स्क्रम-हाफला जास्त संरक्षण मिळालंय, बॉल रकच्या किंवा मॉलच्या जवळ असताना त्याला धरता-ओढता येत नाही आणि स्क्रममध्ये समोरच्या स्क्रम-हाफला टनेलच्या (दोन्ही टीमच्या पहिल्या फळीमधली फट) मध्याच्या पुढे सरकता येत नाही, त्यामुळे नऊ नंबरला मान वर करून बघायला वेळ मिळतो. आणि लाइनआउटचा थ्रो वाकडा गेला पण समोरच्या टीमने उडीच मारली नाही, तर खेळ चालू. म्हणजे थ्रो वाकडा म्हणून ओरडायच्या आधी समोरच्यांनी कुणाला उचललं का ते बघा, नसेल उचललं तर रेफरी हात हलवून पुढे चला म्हणणारच.

लाल कार्ड, वीस मिनिटांचं आणि कायमचं

यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. प्रकार असा आहे. धोकादायक टॅकल झाली आणि पिवळं का लाल हे रेफरीला जागेवर ठरवता येत नसेल तर तो दोन्ही हातांची फुली करतो. म्हणजे पिवळं कार्ड, खेळाडू १० मिनिटं बाहेर, आणि तिकडे बंकरमध्ये बसलेला अधिकारी ८ मिनिटांपर्यंत सगळ्या बाजूंनी व्हिडिओ बघून ठरवतो की पिवळंच ठेवायचं का लाल करायचं. इथपर्यंत २०२३ च्या वर्ल्ड कपपासून आहे.

नवीन आहे ते पुढचं. टॅकलचं तंत्र चुकलं, डोक्याला लागलं, पण मुद्दाम केलं नाही, अशा लाल कार्डाला तो खेळाडू परत येत नाही पण २० मिनिटांनी त्याच्या जागी बेंचवरचा दुसरा खेळाडू उतरवता येतो. ठोसा मारणं, मुद्दाम इजा करणं अशा गोष्टींना मात्र कायमचं लाल, मग शेवटपर्यंत १४ जणच. २०२५ च्या सिक्स नेशन्समध्ये हे वापरलं गेलं आणि १ ऑगस्ट २०२५ पासून वरच्या लेव्हलच्या स्पर्धांमध्ये जगभर ट्रायल म्हणून सुरू झालं. कार्डिफला वेल्सविरुद्ध आयर्लंडच्या गॅरी रिंगरोजला असंच कार्ड मिळालं, २० मिनिटं टीम १४ वर खेळली, मग राखीव खेळाडू उतरला, आणि आयर्लंडने मॅच २७-१८ अशी घेतली.

उलट २०२३ ची फायनल आठवा. न्यूझीलंडचा कॅप्टन सॅम केन पहिल्या हाफमध्येच बाहेर, पिवळ्याचं लाल झालं, आणि उरलेली मॅच न्यूझीलंड १४ जणांत खेळलं आणि १२-११ ने हरलं. तेव्हा हा नियम असता तर काय झालं असतं यावर लोक अजून तासन्‌तास बोलतात.

फ्रान्सने ह्या नियमाला जोरदार विरोध केला. त्यांचं म्हणणं, शिक्षा हलकी केली तर डोक्यावर टॅकल करायची भीती जाईल. मला ती भीती खरी वाटते. तरीही एका चुकलेल्या टॅकलमुळे साठ मिनिटं मॅच एकतर्फी होणं हेही बरं नाही, म्हणून माझा कल वीस मिनिटांकडे आहे, फक्त नंतर होणारी मॅचेसची बंदी कमी होता कामा नये. खेळाडूला भीती बंदीची असते.

बघताना तीन गोष्टी धरा: फुली झाली का, ८ मिनिटांच्या आत स्क्रीनवर काय निकाल आला, आणि लाल झालं तर खेळाडू मॅचच्या कितव्या मिनिटाला बाहेर गेला, म्हणजे बदली कधी उतरणार ते तुम्हालाच काढता येईल. ६० व्या मिनिटानंतर आलेलं लाल कार्ड म्हणजे व्यवहारात कायमचंच.

एक छोटी गोष्ट, २०२५ चा महिलांचा वर्ल्ड कप ज्यांनी बघितला, ज्याच्या फायनलला ट्विकनहॅमवर ८१,८८५ लोक होते आणि इंग्लंडने कॅनडाला ३३-१३ हरवलं, त्यांना खेळाडूंच्या तोंडात लाल दिवा लुकलुकताना दिसला असेल. ते कार्ड नाही. माउथगार्डमध्ये सेन्सर आहे, डोक्याला ठरलेल्या मर्यादेपेक्षा जोराचा धक्का बसला की तो लागतो आणि खेळाडूला तपासणीला बाहेर नेतात.

क्लबमध्ये हे बसवायचं कसं

सगळे नियम एका मीटिंगमध्ये सांगू नका, कुणाच्या लक्षात राहत नाही. पहिल्या आठवड्यात क्रोक रोल आणि टॅकलची उंची, कारण ते दुखापतीचे विषय. दुसऱ्या आठवड्यात किकनंतरचं मागे येणं, रोज दहा मिनिटं ‘आलो’चं ड्रिल. तिसऱ्या आठवड्यात फ्री किक आणि घड्याळ. मॉल-लाइनआउटचं फॉरवर्ड्सना वेगळं घ्या, बॅक्सना (बाकीच्या सात जणांना) त्यात बसवून वेळ घालवू नका. आणि सरावाच्या मॅचला बाहेर बसलेल्या राखीव खेळाडूंना काम द्या, प्रत्येकाने एकच नियम बघायचा आणि कोण चुकलं ते हाफ टाइमला सांगायचं. बाहेरून बघितलं की पटकन कळतं.

मॅचच्या दिवशी कॅप्टनने रेफरीला टॉसच्या वेळी अदबीने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: सर, किकनंतर मागे येताना किती प्रयत्न दिसला पाहिजे, कन्व्हर्जनची वेळ कुठल्या क्षणापासून धरणार, आणि लाइनआउटला उशीर झाला तर एकदा सूचना देणार का थेट फ्री किक. बहुतेक रेफरी आनंदाने सांगतात. ती उत्तरं कॅप्टनने स्वतःपाशी न ठेवता लगेच येऊन किकर, हुकर (लाइनआउटला सहसा थ्रो करणारा) आणि स्क्रम-हाफ या तिघांना सांगायची, कारण पहिल्या दहा मिनिटांत शिट्टी बहुतेक त्यांच्यावरच वाजते.